पेनसिल्व्हेनियाचं कॅरी लायसन्स, नदीपलीकडची न्यू जर्सी आणि ब्रुएन निकाल

रानवाटा

बक्स काउंटीत (पेनसिल्व्हेनिया) राहणाऱ्या ग्रीन कार्डधारकाच्या बाजूने तीन प्रश्न आहेत. नेटवरची उत्तरं बहुतेक नागरिकांसाठी लिहिलेली असतात आणि त्यातली निम्मी २०२२ च्या आधीची असतात, म्हणून इथे विचारतो.

१) सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनात्मक हक्क ठरवला. मग शेरीफने दिलेलं पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की निकामी कसं होतं? की आता चालतं?

२) चालत नसेल, तर पिस्तूल डिकीत कुलूपबंद ठेवून न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधून व्हरमाँटला जाता येईल का?

३) पत्नी स्वतःच्या एच-१बी वर असेल तर घरात पिस्तूल ठेवण्यात काही अडचण येते का? एच-१बी वरच्या मित्रांना रेंजवर नेलं तर?

त्रयस्थ

पहिल्याचं उत्तर: नाही चालत. न्यू जर्सी कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. न्यू यॉर्क आणि मेरीलँडही नाही. ब्रुएनने हे बदललेलं नाही, कारण त्या खटल्यात हा प्रश्नच नव्हता.

'हक्क मिळाला' एवढं वाचून लोक निकालपत्र मिटतात, तिथेच घोळ होतो. वाद होता न्यू यॉर्कच्या परवाना पद्धतीचा, जी १९११ च्या सुलिव्हन कायद्यापासून चालत आलेली. कॅरी परमिट (घराबाहेर बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना) हवं तर 'प्रॉपर कॉज' दाखवा, म्हणजे चारचौघांपेक्षा तुम्हाला जास्त धोका आहे हे सिद्ध करा, आणि ते पटलं की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचं. २३ जून २०२२ ला ६ विरुद्ध ३ मतांनी कोर्टाने अधिकाऱ्याची ही मर्जी काढून घेतली. परमिट पद्धतीला मात्र हात लावला नाही. त्या वेळी ४३ राज्यांत 'अटी पूर्ण केल्या की परमिट द्यायचंच' असा नियम होता आणि तो निकालात सुखरूप राहिला. एका तळटीपेत एवढंच बजावलंय की फी अवाच्या सवा असेल किंवा अर्ज महिनोन्महिने लोंबकळत ठेवला तर त्यालाही आव्हान देता येईल. न्या. कॅव्हॅनॉ यांनी सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना सोबत घेऊन वेगळं मत लिहिलं, त्यात बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण या अटी चालतील असं म्हटलंय. म्हणजे परमिट लागणारच, आणि ते ज्या त्या राज्याचं.

न्यू जर्सीचं जुनं 'जस्टिफायेबल नीड' याच निकालाने गेलं. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने नवा कायदा केला: फी २०० डॉलर, तुम्हाला ओळखणारी पण नात्यात नसलेली चार माणसं, नेमबाजीची चाचणी, आणि परमिट दोनच वर्षांचं. तुलनेला पेनसिल्व्हेनिया: २० डॉलर, शेरीफकडे जास्तीत जास्त ४५ दिवस, पाच वर्षांची मुदत, वय २१ पूर्ण. तुमच्या कामाची गोष्ट अशी की परराज्यात राहणाराही न्यू जर्सीचं परमिट मागू शकतो. अर्ज गावच्या पोलिसांकडे नाही, स्टेट पोलिसांकडे करायचा. नदीपलीकडे वारंवार जाणं असेल तर सरळ मार्ग हाच.

परमिट मिळालं तरी दोन गोष्टींत पेनसिल्व्हेनियातली सवय नडते. न्यू जर्सीत मॅगझिन दहा गोळ्यांचंच चालतं (२०१८ पासून, आधी १५). आणि हॉलो पॉइंट गोळ्या (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या) घरी आणि रेंजवर चालतात, पण कॅरी परमिटधारकालाही त्या भरून रस्त्यावर फिरता येत नाही. पेनसिल्व्हेनियात स्वसंरक्षणासाठी लोक सर्रास त्याच भरतात, त्यामुळे पूल ओलांडण्याआधी गोळ्याही बदलाव्या लागतात.

बंदूक कुठे नेता येत नाही, ही यादी वेगळी आणि सतत हलती. ब्रुएनने शाळा, सरकारी इमारती, विधिमंडळ, मतदान केंद्र, न्यायालय अशा 'संवेदनशील जागा' मान्य केल्या. पण गर्दी आहे म्हणून अख्खं मॅनहटन संवेदनशील म्हणता येणार नाही, असंही सांगितलं. या दोन टोकांच्या मधे काय बसतं यावर तेव्हापासून खटले चालू आहेत. मोठा वाद दुकानं, पेट्रोल पंप, हॉटेलं अशा लोकांना खुल्या असलेल्या खासगी जागांचा. मालकाने 'नको' म्हटलं तरच बंदी, की मालकाने 'चालेल' म्हटल्याशिवाय बंदी? न्यू यॉर्कचा दुसऱ्या प्रकारचा नियम दुसऱ्या सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठी मिळून असलेलं फेडरल अपील कोर्ट) रोखून धरला, हवाईचा तसाच नियम नवव्या सर्किटने सप्टेंबर २०२४ मध्ये टिकवला, आणि हवाईचा खटला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतला. सर्किटचा निकाल त्या सर्किटपुरताच असतो. तुमचं तिसरं, त्यात पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर येतात. टेक्सासमध्ये कुणी खटला जिंकला ही बातमी न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या रस्त्यावर उपयोगाची नाही.

अवांतर: ब्रुएनची 'इतिहासात असा कायदा होता का' ही कसोटी २०२४ च्या रहीमी निकालाने (८ विरुद्ध १) जरा सैल केली. जुन्या कायद्यात हुबेहूब जुळा भाऊ सापडायला हवा असं नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात नोटीस आणि सुनावणीनंतर आदेश निघाला असेल तर बंदूक बाळगण्यावरची बंदी त्याच निकालाने टिकली.

कलमबहाद्दर

त्रयस्थ यांच्याशी सहमत. पण प्रश्न ग्रीन कार्डधारकाचा आहे, म्हणून तिसरा प्रश्न मी आधी घेतो. इमिग्रेशनची बाजू राहिली तर बाकी सगळं बरोबर करूनही माणूस गोत्यात येतो.

ग्रीन कार्डधारकाला बंदूक विकत घ्यायला, बाळगायला, पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स मागायला आडकाठी नाही. बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ या फेडरल फॉर्मवर नागरिकत्वाच्या रकान्यात खरं ते लिहायचं आणि कार्डावरचा नंबर द्यायचा. घाईत 'यू.एस.' वर खूण करणं ही चूक बंदुकीपुरती राहत नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशनमध्ये स्वतंत्र आणि फार जड प्रकार आहे.

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे नॉन-इमिग्रंट. त्यांना फेडरल कायद्याने (१८ यूएससी ९२२(जी)(५)(बी)) बंदूकही नाही आणि गोळीही नाही. एक सुटं काडतूससुद्धा नाही. आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) दाखल करून एच-१बी वरच काम करणारेही यातच. अपवाद मोजके आहेत. त्यातला सामान्य माणसाला लागू होणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. 'चालू' या शब्दावर जोर. पेनसिल्व्हेनियाचं हंटिंग लायसन्स १ जुलै ते ३० जून असतं, ते कधी काढलं याला महत्त्व नाही. ३० जूनला रात्री सवलत संपते आणि कपाटातली बंदूक १ जुलैला गुन्हा होते. शिवाय पहिल्यांदा काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो धरून वेळ मोजा.

रेंजवर 'एकदा उडवून बघ' म्हणत मित्राच्या हातात देणं म्हणजे ताबा देणं. भाड्याची बंदूक असली तरी तेच. २०१९ चा रेहाईफ निकाल याच प्रकारातून आला: विद्यार्थी व्हिसावर आलेला, युनिव्हर्सिटीने काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेला तरुण फ्लोरिडातल्या रेंजवर गेला आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. कोर्टाने ७ विरुद्ध २ असं ठरवलं की बंदूक हातात होती एवढं पुरत नाही, आपण त्या निषिद्ध वर्गात आहोत हे त्याला माहीत होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. हा बचाव एच-१बी वाल्याच्या फार कामाचा नाही. आपला व्हिसा कोणता हे त्याला चांगलंच माहीत असतं. आणि ज्याने जाणूनबुजून त्याच्या हातात बंदूक दिली, त्याच्यावर ९२२(डी) खाली वेगळा गुन्हा लागू शकतो. तो देणारा म्हणजे तुम्ही.

आता घर. कायद्यात ताबा म्हणजे हातात असणं एवढंच नाही. वस्तूवर ताबा घेण्याची क्षमता आणि इच्छा, दोन्ही असतील तरी ताबा धरला जातो (हेंडरसन, २०१५). एच-१बी वरच्या जोडीदाराला सेफचा कोड माहीत असणं हा क्षमतेचा आयता पुरावा. म्हणून:

– सेफ फक्त तुमच्या बोटाच्या ठशावर किंवा तुम्हालाच ठाऊक असलेल्या कोडवर. लग्नाची तारीख हा कोड नको.
– बोटाच्या ठशाच्या सेफला जवळपास नेहमी एक जादा किल्ली येते. ती लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते आणि सगळी तजवीज तिथेच फुकट जाते. ती तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.
– गोळ्याही त्याच सेफमध्ये. बंदूक कुलपात आणि गोळ्यांची पेटी गराजच्या फळीवर, हे चालणार नाही.
– बंदूक घेताना पैसे तुमच्याच कार्डावरून, पावती तुमच्याच नावाची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इमिग्रेशन कायद्याच्या ८ यूएससी १२२७(ए)(२)(सी) प्रमाणे बंदूक बेकायदा बाळगण्या-नेण्याबद्दल कुठल्याही राज्यात दोषी ठरलं की ग्रीन कार्डधारक हद्दपारीला पात्र होतो. किमान शिक्षेची अट नाही. एक दिवसही तुरुंग झाला नाही तरी लागू. अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झाली तरी लागू. ९२२(जी)(५) खालचा दोष तर थेट 'ॲग्रॅव्हेटेड फेलनी'त, म्हणजे इमिग्रेशन कायद्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात, मोडतो. नागरिकाला जी चूक काही हजार डॉलर वकिलाला देऊन निस्तरता येते, ती इथे घरदारासकट महागात पडते.

म्हणून कधी अटक झालीच तर क्रिमिनल वकिलाला पहिलं वाक्य 'मी नागरिक नाही' हे सांगायचं. सुप्रीम कोर्टाच्या पडिया निकालापासून (२०१०) कबुलीआधी हद्दपारीचा धोका समजावून सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, पण आधी त्याला माहीत तर हवं. 'आता कबूल करा, वर्षभराने रेकॉर्ड पुसलं जाईल' अशी तडजोड नागरिकासाठी सोयीची असते. इमिग्रेशनच्या व्याख्येत ती कन्व्हिक्शन ठरू शकते. गुन्हा कबूल न करता मिळणारं डायव्हर्जन (खटल्याऐवजी अटी पाळून सुटका) वेगळं. या दोहोंतला फरक सहीआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी घ्या.

टर्नपाईक

दुसरा प्रश्न माझ्याकडे. अशा प्रवासाला लागू होणारं कलम १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टमधलं, १८ यूएससी ९२६ए. अटी अशा:

निघता तिथे आणि पोचता तिथे, दोन्हीकडे तुम्हाला ते बाळगणं आणि नेणं कायदेशीर हवं. व्हरमाँटमध्ये कॅरीला परमिटच लागत नाही, म्हणजे ते टोक ठीक. बंदूक रिकामी. बंदूक आणि गोळ्या दोन्ही प्रवासी बसतात तिथून हाताला येणार नाहीत अशा. वेगळी डिकी असेल तर डिकीत. एसयूव्ही किंवा हॅचबॅकला वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी हवी. ग्लोव्ह कंपार्टमेंट आणि मधलं कन्सोल कुलूप असलं तरी चालत नाही, कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. गोळ्यांची पेटी वेगळी आणि तीही कुलपात ठेवा. मॅगझिनमध्ये गोळ्या भरून ठेवू नका.

मॅगझिनचा शब्दच या कलमात नाही. त्यामुळे १५ चं मॅगझिन पेनसिल्व्हेनिया आणि व्हरमाँट दोन्हीकडे चालत असलं तरी मधल्या दोन राज्यांत त्याला या कलमाचं संरक्षण आहे असं गृहीत धरू नका. दहाचंच न्या.

गडबड होते ती 'प्रवास' या शब्दात. पेट्रोल, स्वच्छतागृह, जेवणाचा थांबा याला सहसा कुणी हरकत घेत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राकडे रात्रीचा मुक्काम म्हणजे प्रवास नव्हे, न्यू जर्सी हेच तुमचं मुक्कामाचं ठिकाण झालं. मग राज्याचा कायदा लागतो: परमिट नसताना पिस्तूल म्हणजे दुसऱ्या दर्जाचा गुन्हा, पाच ते दहा वर्षं, आणि ग्रेव्ह्ज ॲक्टप्रमाणे किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका महिलेला ट्रॅफिक स्टॉपमध्ये अटक झाली. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स होतं, पिस्तूल आहे हेही तिने आपणहून सांगितलं होतं. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. व्हरमाँटला विमानाने गेलं तर हा मधला भाग टळतो ना? नेवार्कहून फ्लाइट असेल तर?

टर्नपाईक

नेवार्क (न्यू जर्सी), जेएफके आणि लाग्वार्डिया (न्यू यॉर्क) टाळा. फिलाडेल्फियाहून चढा. विमान कंपनीचा नियम सोपा आहे: बंदूक रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानातच, आणि काउंटरवर सांगायचं. पण नेवार्कला ते 'सांगणं' न्यू जर्सीच्या हद्दीत होतं, आणि लगोलग पोलीस येतात.

नेवार्कवर काय होऊ शकतं हे तिसऱ्या सर्किटच्या २०१० च्या निकालात तपशीलवार आहे. युटाचा एक प्रवासी २००५ मध्ये सॉल्ट लेक सिटीहून नेवार्कमार्गे पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला चालला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद, चेक-इन सामानात. पुढचं जाणं चुकलं, सामान त्याच्या हातात आलं, आणि तो ते घेऊन हॉटेलात झोपला. सकाळी काउंटरवर त्याने स्वतःच पिस्तूल असल्याचं सांगितलं आणि बेड्या पडल्या. चार दिवस कोठडी. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण त्याने विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीवर भरलेला दावा तो हरला. कोर्टाचं म्हणणं: रात्रभर बंदूक आणि गोळ्या हॉटेलच्या खोलीत त्याच्या हाताला येत होत्या, तिथे कलमाचं संरक्षण संपलं. चूक त्याची नव्हती हे मान्य करूनही. मार्गही निकालातच सांगितलाय: अडकलात तर सामान ताब्यात घेऊ नका. ते हातात येण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना सांगून ठेवून घ्यायला लावा.

कनेक्टिंग फ्लाइट घेतानाही मधला विमानतळ कोणत्या राज्यात आहे ते तिकीट काढण्याआधी बघा. न्यू यॉर्कमध्ये तर, दुसऱ्या सर्किटच्या २०१० च्याच निकालाप्रमाणे, या कलमाच्या आधारे भरपाईचा दावाही उभा राहत नाही.

शंखपुष्पी

घराजवळच्या जागांबद्दल थोडी भर. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स खिशात असलं तरी या ठिकाणी हमखास चूक होते.

शाळा. मंडळांचे गणेशोत्सव आणि नाटकं बहुतेक हायस्कूलच्या हॉलमध्ये होतात. रविवार आहे, मुलं नाहीत, म्हणून शाळा ही शाळा राहत नाही असं नाही. फेडरल कायदा शाळेच्या आवारापासून १,००० फुटांपर्यंत लागतो. सूट त्यालाच आहे ज्याला त्याच राज्याने परवाना दिलाय. म्हणजे दुसऱ्या राज्यात, तिथे परमिट लागत नसलं किंवा तुमचं परमिट मानलं जात असलं तरी, शाळेसमोरून भरलेलं पिस्तूल घेऊन गाडी नेणं फेडरल नियमात बसत नाही. परमिटची सक्ती नसलेली २९ राज्यं आहेत, व्हरमाँट त्यातलंच. तिथे उतरल्यावर हेच विसरलं जातं. आणि पेनसिल्व्हेनियाचं स्वतःचं कलम ९१२ शाळेच्या इमारतीला आणि आवाराला वेगळं लागतं, त्यामुळे कार्यक्रमाला नेऊच नका.

फेडरल इमारती. ग्रीन कार्डधारकाला इथे वारंवार जावं लागतं: यूएससीआयएसचं (इमिग्रेशन खात्याचं) ऑफिस, सोशल सिक्युरिटी. पोस्ट ऑफिसचा नियम तर पार्किंगलाही लागतो, आणि दहाव्या सर्किटने तो २०१५ मध्ये टिकवला. फ्लोरिडातल्या एका जिल्हा न्यायाधीशांनी २०२४ मध्ये पोस्ट ऑफिसच्या बंदीविरुद्ध निकाल दिला, पण त्याचा फिलाडेल्फियात बचाव होत नाही. पार्सल टाकायचं असेल तर गाडी रस्त्यावर लावा.

व्हॅली फोर्ज. नॅशनल पार्कच्या मोकळ्या जागेत २०१० पासून राज्याचा कायदा चालतो, म्हणजे ट्रेलवर लायसन्स पुरे. व्हिजिटर सेंटरच्या दाराच्या आत मात्र बंदी.

गांजा. राज्याने कायदेशीर केला तरी फेडरल कायद्यात वापरणाऱ्याला बंदूक निषिद्ध. ४४७३ वर हा प्रश्न आहेच. मेडिकल कार्ड आणि कॅरी लायसन्स एकत्र नको.

कलमबहाद्दर

टर्नपाईक यांच्या उदाहरणाला एक पुरवणी, कारण 'शेवटी माफी मिळते' असा अर्थ कुणी काढेल. गव्हर्नरच्या माफीने हद्दपारीची काही कारणं रद्द होतात, उदाहरणार्थ ॲग्रॅव्हेटेड फेलनी. बंदुकीचं कारण त्या यादीत नाही. ती महिला तुमच्यासारखी ग्रीन कार्डावर असती आणि दोषी ठरली असती, तर माफीनंतरही इमिग्रेशन कोर्टाचा प्रश्न तसाच उरला असता.

आणि रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर: पेनसिल्व्हेनियात आपणहून सांगण्याची सक्ती नाही, मागितल्यावर लायसन्स दाखवावं लागतं. नुसती कमरेला बंदूक दिसली एवढ्यावरून संशयित म्हणून रोखता येत नाही, असं पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हिक्स खटल्यात सांगितलं. तो माणूस ॲलनटाउनच्या पेट्रोल पंपावर होता आणि त्याच्याकडे वैध लायसन्स होतं. पण ट्रॅफिक स्टॉप झालेलाच असेल तर गाडीतून उतरायला सांगण्याचा अधिकार पोलिसाला १९७७ पासून आहे. न्यू जर्सीचं परमिट काढलंत तर तिथे उलटं: बंदूक जवळ असताना थांबवलं की लगेच सांगायचं आणि परमिट दाखवायचं.

इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. 'गन' हा शब्द पहिला तोंडातून काढू नका, 'माझ्याकडे कॅरी लायसन्स आहे' इथून सुरुवात करा. ग्रीन कार्ड जवळ बाळगणं तुम्हाला कायद्याने बंधनकारकच आहे. ते, लायसन्स आणि गाडीचे कागद सन व्हायझरला ठेवा. पाकीट होल्स्टरच्याच बाजूच्या मागच्या खिशात असेल, तर आजच दुसऱ्या बाजूला हलवा.